तलावाची पाळ आणि सात दिवसांचे शिबिर

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नवेगावबांधसारखा विस्तीर्ण तलाव त्या बाजूला गेला, तरी ही ओळख इकडेही टिकून आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांना 'मामा तलाव' असे लाडिक वाटणारे नाव आहे. हे तलाव कोणी बांधले, असे मी अधूनमधून अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींना विचारतो. बहुतेकांचे उत्तर 'इंग्रजांनी' असे असते. काही जण 'पाटबंधारे खात्याने' म्हणतात. या मुलांची आजोळे याच तलावांच्या काठी आहेत, मामाच्या बांधीत रोवणीला ती लहानपणी गेलेली आहेत. तरीही पाळ बांधणारा माणूस त्यांच्या लेखी अभियंता नाही.

गेल्या काही वर्षांत अभियांत्रिकीच्या शिक्षणात 'मानवतावादी अभियांत्रिकी' हा शब्द जगभर रुळला आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९५ साली विद्यार्थ्यांना स्थानिक संस्थांच्या गरजांवर काम करायला लावून त्याचे गुण देणारा अभ्यासक्रम सुरू झाला. कॅनडात २००० च्या सुमारास 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' ही संघटना उभी राहिली, ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत पहिल्या वर्षापासूनच असे प्रकल्प दिले जाऊ लागले. आपल्याकडेही आता क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय-सहभाग प्रकल्प यांना नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांक मिळतात. ही गोष्ट बाहेरून आली असे समजण्याचे मात्र कारण नाही. तिचा आपल्या भागातील इतिहास जुना आहे आणि तो सरळ रेषेत चाललेला नाही. तो मांडण्याचा हा प्रयत्न.

पाळ बांधणारे

वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारे म्हणून कोहळी समाजाचे नाव घेतले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात कोहळ्यांची नोंद मुख्यतः तलाव बांधणारे आणि उसाची आवड असणारे शेतकरी अशीच आहे. नवेगावच्या तलावाचा विस्तार पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल असल्याचे तेथे नमूद आहे. तो बांधणारा कोलू पाटील पुढे कोलासूर म्हणून देव झाला. अभियंत्याचा देव झाल्याची अशी उदाहरणे फार नसावीत.

परंपरा असे सांगते की, चांद्याच्या गोंड राजांनी जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन देण्याची रीत घातली. यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. बक्षीस पाळीच्या लांबीवर नव्हते, खोदलेल्या मातीवरही नव्हते. किती जमीन भिजली यावर ते होते. त्यामुळे जागा निवडणाऱ्याला येवा किती, टेकड्यांमधली फट कुठे अरुंद, सांडवा कोणत्या अंगाला काढला तर पाळ फुटणार नाही, हे सगळे नेमके ओळखावे लागे. चूक झाली तर त्याचीच शेती कोरडी राहणार होती.

पाळ, सांडवा, पाणी सोडण्याचे तुडूम, तेथून निघणारी नहर आणि खालच्या बांध्या ही झाली रचना. ती चालवण्यासाठी गावाने पाणकर नेमलेला असे. कोणत्या बांधीला कधी आणि किती पाणी, हे तो ठरवी. पाळीच्या दुरुस्तीला गावातले हात लागत. तलावातले मासे ढिवरांचे, गाळपेराची जमीन कोणाची, गुरे कोणत्या काठाला उतरायची, हेही ठरलेले होते. थोडक्यात, बांधकाम आणि व्यवस्थापन एकत्र होते.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरली जाते. मालगुजारी ही समतेची व्यवस्था नव्हती. तलावाची माती ज्यांनी डोक्यावरून वाहिली, त्यातल्या अनेकांच्या वाट्याला त्याखालची जमीन आली नाही. वेठीची पद्धत होती. पाण्याच्या पाळीतही मालगुजाराची बांधी आधी आणि कुळाची नंतर असा क्रम सहज लागे. म्हणून 'जुने ते सोने' म्हणून हा विषय संपत नाही. तंत्र शहाणे होते आणि समाज विषम होता. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

अभियंता खात्याचा होतो

दरम्यान देशात दुसऱ्या प्रकारचे अभियांत्रिकी शिक्षण उभे राहत होते. रुरकीचे महाविद्यालय १८४७ साली निघाले ते गंगा कालव्याच्या कामाला माणसे हवी होती म्हणून. पुण्यात १८५४ साली सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतू सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा होता. त्याच पुण्याच्या महाविद्यालयातून विश्वेश्वरय्या १८८३ साली पदवी घेऊन बाहेर पडले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झाले. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाही. मुद्दा इतकाच की, या शिक्षणात अभियंत्याचा मालक खाते होते. नकाशा खात्याकडे जाई, मोजमाप खात्याच्या वहीत चढे. पाणकराशी बोलणे हा त्या अभ्यासक्रमाचा भाग नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नागपुरात १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचेच नाव मिळाले. आजची व्हीएनआयटी ती हीच. पूर्व विदर्भातील कितीतरी मुले तेथून आणि पुढे आलेल्या खासगी महाविद्यालयांतून अभियंते झाली. त्यांनी धरणे बांधली, पोलाद कारखाने चालवले, नंतर संगणकाकडे वळली.

त्याआधी, ३१ मार्च १९५१ पासून, मध्य प्रांतातील मालगुजारी कायद्याने संपली होती. तलाव सरकारकडे आले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान तलाव जिल्हा परिषदेकडे अशी वाटणी झाली. मालगुजार गेला हे चांगलेच झाले. पण त्याच्याबरोबर पाणकराला मिळणारे धान्य गेले आणि पाळीवर दरसाल माती टाकणारे हातही पांगले. निस्तार हक्काने पाणी मिळत होते तेथे पाणीपट्टी कोणी भरायची आणि दुरुस्ती कोणी करायची, हा वाद सुरू झाला. तलावाला मालक मिळाला, पण राखणदार उरला नाही. नेमक्या त्या काळात जिल्ह्यातले अभियांत्रिकी शिक्षण तलावाकडे पाठ करून वाढत होते.

सेवेची परंपरा

विद्यार्थ्यांनी गावात जावे हा विचार मात्र वेगळ्या दिशेने आला होता. जे. सी. कुमारप्पांनी १९२९-३० साली गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. विद्यार्थी दारोदार गेले ते उपदेश करायला नव्हे, मोजायला. पुढे १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र बनली. तेथे घाणी, चुली, कागद, वनस्पती तेलावर जळणारा दिवा अशा रोजच्या वस्तूंवर प्रयोग झाले. १९३९ साली मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षही कुमारप्पाच होते. भंडारा तेव्हा याच प्रांतात होता.

स्वातंत्र्यानंतर या विचाराला सरकारी चौकट मिळाली. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवेची योजना सुचवली. बऱ्याच चर्चेनंतर, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी त्यात होते. १९७२ चा दुष्काळ आला, तेव्हा १९७३ मध्ये 'दुष्काळाविरुद्ध युवक' हा या योजनेचा विषय ठरला.

माझ्या पिढीने पाहिलेली शिबिरे याच परंपरेतली. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. सात दिवसांनी समारोप. या शिबिरांची थट्टा करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. शहरातल्या मुलाने गावातल्या शाळेच्या फरशीवर सात रात्री झोपणे आणि गावकऱ्यांच्या घरचे जेवणे याला किंमत आहे.

पण यात एक विचित्र विभागणी झाली, तिचा परिणाम आजही दिसतो. विद्यार्थी वर्गात शिकला तंत्र आणि गावात दिली मेहनत. स्थापत्य शाखेचा मुलगा पाळीवर आला तो घमेले उचलायला. लेव्हल हे यंत्र महाविद्यालयाच्या कपाटातच राहिले. गावाकडे घमेले उचलणारे हात आधीपासून होते, आणि मुलापेक्षा सवयीचे होते. जे गावाकडे नव्हते ते त्या मुलाने आणलेच नाही. सेवा आणि विद्या यांची फारकत झाली.

विद्या गावाकडे आणण्याचे प्रयत्न

ही फारकत मिटवण्याचे प्रयत्न सत्तरच्या दशकात सुरू झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम काढला. वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी खेड्यांसाठी विज्ञान केंद्र उभे केले. मुंबईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र, म्हणजे 'सितारा', स्थापन झाले. २००७ पासून तेथे तंत्रज्ञान आणि विकास या विषयात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात विद्यार्थ्याला काही आठवडे खेड्यात राहावे लागते आणि त्या मुक्कामाला गुण असतात.

या केंद्रातील प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांनी २०१२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आयआयटीच्या शिक्षणावर सविस्तर टीका केली. त्यांच्या एकूण मांडणीचा आशय असा सांगता येईल : अभियांत्रिकीचे शिक्षण समाजाच्या प्रत्यक्ष गरजांपासून तुटले आहे. पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी, स्वयंपाकाचे इंधन, एसटीचे वेळापत्रक हे सगळे अभ्यासाचे विषय आहेत, आणि ते अभ्यासण्याची योग्य जागा त्या त्या जिल्ह्यातले महाविद्यालय आहे. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले ते याच विचारावर. केंद्र सरकारचे उन्नत भारत अभियान २०१४ मधले आहे, त्यात प्रत्येक संस्था काही गावे निवडते. महाराष्ट्राच्या अभियानाचा भर गाव दत्तक घेण्यापेक्षा महाविद्यालय आणि जिल्हा प्रशासन यांच्यात तांत्रिक कामाचे नाते जोडण्यावर होता. जलयुक्त शिवारच्या कामांचे त्रयस्थ मूल्यमापन काही अभियांत्रिकी महाविद्यालयांकडे आले ते या वाटेने.

फरक लहान वाटेल, पण तो मूलभूत आहे. 'दत्तक' या शब्दात एक पालक आणि एक पोर असते. मूल्यमापनात एक काम असते, त्याचे मोजमाप असते आणि चूक दाखवण्याचा अधिकार असतो.

उंबऱ्याच्या खालचे पाणी

आपल्या तलावांवर हे कसे लागू होते, ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा, २० हेक्टरचा एक मामा तलाव आहे आणि त्यात सरासरी एक मीटर गाळ साचला आहे. म्हणजे २ लाख घनमीटर, २० कोटी लिटर पाण्याची जागा गेली. धान गर्भात असताना पावसाने ताण दिला, तर दहा सेंटिमीटरच्या एका पाण्यासाठी हेक्टरी १,००० घनमीटर लागतात. वाटेतली गळती आणि बाष्पीभवन यांत निम्मे गेले असे धरले, तरी १०० हेक्टर धान एका पाण्याने वाचू शकला असता. भंडाऱ्यात सरासरी पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपले दुखणे एकूण पावसाचे नाही, सप्टेंबरातल्या त्या एका पाण्याचे आहे. तलाव बांधले गेले तेच मुळी त्या एका पाण्यासाठी.

मग गाळ काढावा. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहेच. पण कोणता गाळ? तुडुमाचा एक उंबरा असतो. पाणी त्या पातळीच्या वर असेल तरच ते आपोआप नहरेत उतरते. उंबऱ्याच्या खाली कितीही खोल खणले, तरी ते पाणी पंपाशिवाय बांधीत जात नाही. यंत्राला मात्र तलावाच्या मधोमध, खोल भागात खणणे सोयीचे असते. तेथे घनमीटर लवकर भरतात. वहीत २ लाख घनमीटर गाळ निघाल्याची नोंद होते आणि शेवटच्या बांधीला पूर्वीइतकेच पाणी मिळते.

खोलचे पाणी वाया जाते असे नाही. उन्हाळ्यात गुरांना आणि माशांना तेच वाचवते. पण त्यालाही मर्यादा आहे. तळाचा चिकण मातीचा थर फोडला तर तलाव गळू लागतो. काठाचा उथळ भाग खरवडला तर माशांची अंडी घालण्याची जागा आणि देवधानासारख्या पाणवनस्पती जातात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातील स्त्रियांनी तलावांतले बेशरमीचे रान उपटून तेथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मग देशी मासळी परतू लागली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर रुजते, हे ज्ञान त्यांच्याकडे होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते नव्हते.

आता पाहा, या सगळ्यात विद्यार्थ्याला काय करता येईल. उंबऱ्याची पातळी, सांडव्याची पातळी आणि पाळीचा माथा लेव्हलने मोजणे. ढिवराच्या डोंग्यात बसून, खुणा केलेल्या बांबूने दर पंचवीस पावलांवर खोली आणि गाळ मोजणे. त्यावरून प्रत्येक पातळीला किती पाणी मावते याचा तक्ता करणे. नहरेच्या तोंडाशी आणि शेवटी प्रवाह मोजून गळती काढणे. जुन्या पाणकराला शेजारी बसवून पाण्याच्या पाळ्यांचा क्रम लिहून घेणे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येणारे हे गणित आहे. खर्च जवळपास नाही. असा दोन पानी तक्ता ग्रामपंचायतीकडे असेल, तर गाळ कुठला काढायचा हे गाव ठेकेदाराला सांगू शकते. नसेल, तर ठेकेदार गावाला सांगतो.

मी पाहिलेल्या प्रकल्प-वह्यांत हे क्वचित असते. एका महाविद्यालयाच्या अशा वहीत एका तलावावर चाळीस पाने होती. प्रस्तावनेत जागतिक पाणीटंचाई होती, मध्ये पाळीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती, शेवटी 'गावकऱ्यांमध्ये जागृती करावी' अशी शिफारस होती. तुडुमाच्या उंबऱ्याची पातळी चाळीस पानांत कुठेच नव्हती. मुलांचा दोष मी मानत नाही. त्यांना ते कोणी विचारले नव्हते आणि गुण छायाचित्रांना होते. वही महाविद्यालयात जमा झाली. गावात तिची प्रत कोणाकडे नव्हती.

कोणासाठी मोजायचे

'मानवतावादी' या विशेषणाबद्दल माझी एक शंका आहे. त्यात देणाऱ्याचा हात वर राहतो. संकटात ते ठीकच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर येऊन भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा ज्याने नाव चालवली तो देवच होता. पण पूर ओसरल्यावरचा प्रश्न दयेचा नसतो. वरच्या राज्यातील धरणातून किती पाणी कधी सुटले, ते खाली पोचायला किती तास लागतात, सूचना कोणाला आणि केव्हा मिळाली, हा हिशेबाचा प्रश्न असतो. गोसीखुर्दचेही तसेच. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली, त्या धरणात नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून आणि पुढे कन्हानमधून येऊन मिळते. काठच्या गावांना शिबिरातल्या स्वच्छतेच्या पथनाट्याचा काय उपयोग? त्यांना पाण्याच्या दरमहा तपासणीचे आकडे हवेत, आणि ते दहा वर्षे सलग हवेत.

सलगपणा हीच महाविद्यालयाची ताकद आहे. अधिकारी तीन वर्षांत बदलतो, संस्थेचा निधी संपतो, विद्यार्थीही चार वर्षांत निघून जातो. महाविद्यालय मात्र तेथेच असते. दरवर्षी नवी तुकडी येते. एकाच तलावावर दरवर्षी एका तुकडीने तीच मोजणी केली, तर दहा वर्षांत त्या तलावाचे असे चरित्र तयार होईल, जे आज कोणत्याही खात्याकडे नाही. यासाठी दरवर्षी नवे गाव, नवा विषय आणि नवे उद्घाटन हा मोह सोडावा लागेल. श्रेयांक देताना, अहवाल गावात वाचून दाखवला का आणि त्यावर गावाने काय हरकत घेतली, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ बदलेल.

कोहळी पाटलाला मिळणारे बक्षीस भिजलेल्या जमिनीवर ठरत होते. त्या व्यवस्थेतली विषमता परत आणायची नाही, पण तो मापदंड उचलण्यासारखा आहे. विद्यार्थ्याचा प्रकल्प किती पानांचा झाला, किती तासांचा झाला, किती जणांत जागृती झाली, हे विचारण्याऐवजी शेवटच्या बांधीला पाणी पोचले का, आणि नसेल तर ते कुठे अडले हे त्याने शोधले का, एवढेच विचारावे. कोणत्या मालगुजाराच्या मर्जीवर आता ते पाणी अवलंबून नाही. ते ज्या आकड्यांवर अवलंबून आहे, ते मोजण्याची विद्या जिल्ह्यातल्या वर्गांत रोज शिकवली जाते. वर्ग आणि तुडूम यांच्यातले अंतर बहुतेक ठिकाणी सायकलने जाण्याइतकेच आहे.